टाकीचा निरोप पंपघरापर्यंत : अँटेना कसा निवडावा, कसा तपासावा

मोबाइलवर बोलताना आवाज तुटला, तर आपण जागा बदलतो, ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि पुन्हा फोन लावतो. यंत्रांचे तसे नसते. डोंगरावरच्या टाकीने खालच्या पंपाला ‘भरले, आता थांब’ असा बिनतारी निरोप पाठवला आणि तो पोहोचला नाही, तर पंप चालूच राहतो आणि पाणी वाहून जाते. ‘पाणी संपत आले, सुरू हो’ हा निरोप हरवला, तर सकाळी पीटी करून आलेल्या मुलांना नळ कोरडे मिळतात. कारखाने, खाणी, धरणे, रेल्वे अशा सर्व ठिकाणी आज यंत्रे एकमेकांशी बिनतारी बोलत असतात. तिथे ‘बहुतेक वेळा चालते’ हे उत्तर पुरेसे नसते.

आमची शाळा हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत आहे. पाण्याची टाकी वरच्या धारेवर आणि पंपघर खाली ओढ्याकाठी. गेल्या पावसाळ्यात टाकीचे निरोप वारंवार हरवू लागले. रात्री कोणाला तरी टॉर्च घेऊन चिखलातून टाकीपर्यंत चढावे लागे. भौतिकशास्त्राचे सर आणि सैन्याच्या सिग्नल कोअरमधून निवृत्त झालेले आमचे उस्ताद यांनी हे काम विज्ञान मंडळाकडे घेतले. आम्ही पाच कॅडेट त्यात होतो. नवे महागडे यंत्र घेण्याऐवजी उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, “रेडिओ ठीक आहे. आधी अँटेना बघू.” त्या कामातून जे समजले ते इथे मांडतो.

अँटेना करतो काय?

तारेतून धावणाऱ्या विजेचे हवेतल्या लहरींत आणि लहरींचे पुन्हा विजेत रूपांतर करणारी वस्तू म्हणजे अँटेना. त्याची लांबी लहरींच्या लांबीवर ठरते. आमचा रेडिओ ८६६ मेगाहर्ट्झवर चालतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो: रेडिओची शक्ती १ वॅटपर्यंत आणि अँटेनासकट परिणामी शक्ती ४ वॅटपर्यंत. प्रकाशाचा वेग भागिले कंपनसंख्या, हे नववीतले सूत्र लावले की लहरींची लांबी सुमारे ३४.६ सेंटिमीटर येते. तिचा चौथा भाग ८.७ सेंटिमीटर. म्हणून या पट्ट्यातला साधा अँटेना बोटाएवढा असतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला हीच चौथाई ३ सेंटिमीटरच्या आसपास येते. दोन्ही अँटेना बाहेरून सारखे दिसतात, आटेही जुळतात, पण एकाच्या जागी दुसरा लावला तर काम बिघडते. त्यामुळे पहिला प्रश्न हा की अँटेना आपल्याच पट्ट्याचा आहे का?

दुसरा प्रश्न ‘गेन’चा. खोक्यावर २, ५, ८ असे आकडे लिहिलेले असतात आणि मोठा आकडा पाहून मोह होतो. पण अँटेना स्वतः ऊर्जा तयार करत नाही. आहे तीच ऊर्जा तो एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी पाठवतो. टॉर्चच्या बल्बमागे आरसा बसवला की पुढे झोत पडतो आणि मागे अंधार होतो, तसेच हे.

उभ्या काडीसारख्या साध्या अँटेनाभोवती ऊर्जा मेदूवड्याच्या आकारात पसरते. काडी मध्ये, वडा भोवती. गेन वाढवला की हा वडा दाबला जाऊन चपातीसारखा पातळ आणि रुंद होतो. सपाट मैदानावर चपाती उत्तम, कारण निरोप दूरवर जातो. पण आमच्याकडे टाकी पंपघरापासून ८०० मीटर लांब आणि ११० मीटर उंच आहे. म्हणजे साधारण ८ अंश चढ. पातळ चपाती टाकीच्या खालूनच निघून जाते. डोंगरात मोठ्या आकड्याचा उभा अँटेना लावूनही फारसा फायदा होत नाही, त्याचे कारण हे.

तिसरा प्रकार यागी अँटेनाचा. जुन्या दूरदर्शनच्या काळात घरांच्या छपरांवर आडव्या नळ्यांचा जो सांगाडा दिसे, तोच. जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो शोधला आणि १९२६ मध्ये जगापुढे मांडला. त्याच्या मायदेशी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडारची टिपणे लागली. त्यांत ‘यागी’ हा शब्द वारंवार येत होता आणि त्याचा अर्थ त्यांना लागेना. तो आपल्याच प्राध्यापकांचे नाव आहे, हे त्यांना युद्धकैद्याकडून कळले, असे सांगतात. आमच्या उस्तादांची ही आवडती गोष्ट आहे.

आधी जमीन वाचा

अँटेना विकत घेण्याआधी रेकी करावी लागते. मॅप रीडिंगच्या तासाला आपण दोन ठिकाणांमधला छेद काढतो आणि एक ठिकाण दुसऱ्यावरून दिसते की नाही ते ठरवतो. तोच छेद इथे उपयोगी पडतो. कंटूर रेषांवरून आम्ही टाकी ते पंपघर असा उतार काढला. मध्ये टेकाड नव्हते, पण चीडची झाडे होती.

इथे एक गोष्ट नवी कळली. नुसती नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही. रेडिओलहरींना त्या रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. ती जागा काकडीच्या आकाराची असते: दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जाड. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ८०० मीटर अंतर आणि ८६६ मेगाहर्ट्झ धरले, तर मध्यावर तिची त्रिज्या सुमारे ८.३ मीटर येते आणि तिच्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे ५ मीटर, मोकळा असावा लागतो. आमच्या झाडांचे शेंडे नेमके त्या काकडीत घुसत होते. झाडे तोडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून अँटेना उंच करायचा, हे नकाशावरच ठरले.

मग जमाखर्च मांडला. रेडिओत हा हिशोब डेसिबलमध्ये करतात, कारण मग गुणाकार-भागाकाराऐवजी नुसती बेरीज-वजाबाकी उरते. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. १ मिलिवॅट शक्तीला शून्य धरतात. आमच्या रेडिओची शक्ती २५ मिलिवॅट, म्हणजे अधिक १४. दोन्ही टोकांच्या साध्या अँटेनांचे २ आणि २ मिळवले, अधिक १८. मोकळ्या हवेत ८०० मीटरचा खर्च ८९. म्हणजे पंपघरात उणे ७१ यायला हवे. आमच्या रेडिओला उणे १२० पर्यंतचा निरोप समजतो. कागदावर ४९ डेसिबल शिल्लक! मग निरोप हरवतो कसा? कागद आणि डोंगर यांच्यातला फरक मोजूनच शोधावा लागतो.

चोर कुठे लपतात?

पंपघरात प्रत्यक्ष मोजले, तर कोरड्या दिवशी उणे १०८ मिळाले. ३७ डेसिबल कुठेतरी हरवत होते.

पहिला चोर लोखंडी पेटी. अँटेना मोटारीच्या पॅनेलच्या आत बसवलेला होता. धातूच्या बंद पेटीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्येच दाखवून दिले होते. पेटीच्या फटींतून जे थोडे आत येई, त्यावर काम चालले होते. तोच अँटेना भिंतीबाहेर आणल्यावर आकडा उणे ९२ झाला. एक पैसा खर्च न करता १६ डेसिबल परत मिळाले.

दुसरा चोर केबल. आरजी-५८ ही बारीक केबल या पट्ट्यात दर मीटरला साधारण अर्धा डेसिबल खाते. म्हणजे १० मीटर केबलीत ५ डेसिबल जातात आणि शक्तीचा जेमतेम एक तृतीयांश भाग पलीकडे पोहोचतो. उंच खांबावर मोठा अँटेना लावून खाली लांब बारीक केबल सोडली, तर वर कमावलेले खाली येईपर्यंत संपते. जाड, कमी खर्चाची केबल घ्यावी किंवा रेडिओच अँटेनाजवळ न्यावा.

तिसरा चोर अँटेनाचा कल. एक उभा आणि दुसरा आडवा असेल, तर दोघांची चांगलीच ताटातूट होते. त्याला ध्रुवीकरण म्हणतात. दोन्ही टोकांना अँटेना एकाच पद्धतीने, आमच्याकडे उभा, ठेवायचा.

चौथा चोर झाडे, विशेषतः ओली. पावसाचे थेंब लहरी अडवतात असे सर्वांना वाटते. घरी मोठा पाऊस आला की डिश टीव्हीचे चित्र जाते, ते खरेही आहे, कारण त्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या असतात. आमची लहर ३४ सेंटिमीटरची. एवढ्या अंतरात तिच्यावर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. पण भिजलेली पाने आणि फांद्या तिची शक्ती शोषतात आणि जोडणीत शिरलेले पाणी उरलीसुरली कसर काढते.

तपासणीची शिस्त

पंपघरासाठी आमच्याकडे तीन उमेदवार होते: २ डेसिबलचा साधा, ८ डेसिबलचा उंच उभा आणि ९ डेसिबलचा यागी. परीक्षा घेताना चार नियम पाळले.

पहिला नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीच केबल, तोच खांब, तोच रेडिओ, फक्त अँटेना वेगळा. शेवटी पुन्हा पहिला अँटेना लावून आकडा मोजायचा. तो आधीसारखाच आला, तर मधल्या काळात दुसरे काही बदलले नाही याची खात्री पटते. नाही आला, तर सगळी मोजणी रद्द.

दुसरा नियम : एकाच जागेचा आकडा खरा मानायचा नाही. लहरी जमिनीवरून आणि भिंतीवरून परतून एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी. अँटेना एक वीत सरकवला तरी आकडा बराच बदलतो. म्हणून थोडे थोडे सरकवून दहा जागांची मोजणी घेतली आणि सरासरी काढली. मोजताना सर्वांनी चार पावले मागे उभे राहायचे, कारण माणसाच्या शरीरात पाणी असते आणि तेही लहरी शोषते.

तिसरा नियम : अँटेना न लावता रेडिओ सुरू करायचा नाही. ऊर्जेला बाहेर जायला वाट नसली की ती मागे फिरते आणि रेडिओ खराब होऊ शकतो.

चौथा नियम : एका यंत्राच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही. अँटेनातून किती शक्ती परत फिरते ते व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर हे छोटे यंत्र दाखवते. त्या मापाला एसडब्ल्यूआर म्हणतात. ते १ असेल तर काहीच परत येत नाही, २ असेल तर सुमारे ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के शक्ती परत येते. दीडच्या आत असले तर उत्तम. पण सरांनी अँटेनाच्या जागी ५० ओहमचा एक रोधक लावला आणि यंत्राने जवळजवळ बरोबर १ दाखवले. रोधकाने सारी शक्ती गिळून तिची उष्णता केली. हवेत काहीच गेले नाही, तरी गुण पैकीच्या पैकी! पाणी शिरलेली केबलसुद्धा अशीच फसवते. ती शक्ती गिळते, त्यामुळे परतणारी शक्ती कमी दिसते आणि अँटेना सुधारला असे वाटते. म्हणून एसडब्ल्यूआर ही फक्त प्रवेश परीक्षा. खरी परीक्षा पलीकडच्या टोकाला काय पोहोचते, ही.

निकाल असा लागला. साधा अँटेना उणे ९२. उंच उभा अँटेना उणे ९०. खोक्यावरच्या आकड्याप्रमाणे ६ डेसिबल जास्त मिळायला हवे होते, मिळाले फक्त २, कारण तीच पातळ चपाती. यागी टाकीकडे रोखून लावला तेव्हा उणे ८५. टाकीवर मात्र साधाच अँटेना ठेवला. तिथून पंपघर आणि वसतिगृह अशा दोन दिशांना निरोप जातो. तिथे यागी लावला असता, तर एकाला ऐकू आले असते आणि दुसऱ्याला नाही.

खोटा पाऊस आणि खरा पाऊस

चांगल्या हवेतला चांगला आकडा म्हणजे विश्वास नव्हे. रेडिओला जेवढे कमीत कमी लागते, त्याहून निदान २० डेसिबल जास्त हाताशी असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. आमच्याकडे आता ३५ होते. पण ते खरोखर आहेत का, हे पावसाची वाट न बघता तपासता येते. अँटेना आणि रेडिओ यांच्यामध्ये २० डेसिबलचा ॲटेन्युएटर बसवायचा. अंगठ्याएवढी ही वस्तू शक्ती मुद्दाम शंभरपट कमी करते. आम्ही तिला ‘खोटा पाऊस’ असे नाव दिले. खोट्या पावसातही सर्व निरोप पोहोचले.

किती निरोप मोजले म्हणजे पुरे? यासाठी संख्याशास्त्रात तीनचा नियम आहे. सलग ३०० निरोप एकही न चुकता आले, तर चुकण्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते: ३ भागिले ३००. दर मिनिटाला एक निरोप धरला तर याला पाच तास लागतात. पण यात एक अट आहे. कोरड्या दुपारचे पाच तास फक्त कोरड्या दुपारबद्दल सांगतात. म्हणून जुलैमध्ये तीन पावसाळी रात्री पंप चालू असताना मोजणी केली, कारण मोटार सुरू होतानाही विजेचा गोंगाट होतो. आकडा उणे ८५ वरून उणे ९३ पर्यंत घसरला. ९०० पैकी ८९८ निरोप आले.

ते दोन निरोप का हरवले, यावर आम्ही बराच वाद घातला. उस्तादांनी वेगळाच प्रश्न विचारला, “हरवल्यावर पंपाने काय केले?” हा प्रश्न मला या साऱ्या कामात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणताही अँटेना शंभर टक्क्यांची हमी देत नाही. म्हणून टाकी दर मिनिटाला ‘मी आहे’ असे कळवते आणि सलग पाच निरोप आले नाहीत, तर पंप आपोआप थांबतो आणि पंपघरावर लाल दिवा लागतो. एखादा निरोप हरवला तर काही बिघडत नाही. सेन्ट्रीकडून ठरल्या वेळी ‘सब ठीक’ आले नाही, तर सगळे ठीक आहे असे आपण गृहीत धरत नाही. यंत्रालाही तेच शिकवावे लागते.

शेवटी खांबाला अर्थिंग दिले, अँटेना तडितरक्षकाच्या टोकापेक्षा खाली ठेवला, प्रत्येक जोडणीवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळली आणि केबलीला आत शिरण्यापूर्वी खाली एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. सगळे आकडे तारखेसह पंपघराच्या वहीत लिहून ठेवले आहेत. दर वर्षी जूनच्या आधी तीच मोजणी पुन्हा करायची आहे. आकडा ५-६ डेसिबलने घसरलेला दिसला, तर निरोप तुटण्याच्या आधीच केबल, जोडणी आणि झाडांच्या फांद्या तपासता येतील. आमची तुकडी पास होऊन गेल्यावरही ती वही तिथेच राहील.

घरी हा लेख वाचणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट. गावाकडे विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलेला असतो. तोही हाच प्रकार, फक्त निरोप मोबाइलच्या टॉवरवरून येतो. तो वारंवार ‘रेंज नाही’ म्हणत असेल, तर नवा स्टार्टर घेण्याआधी चार गोष्टी पाहा. अँटेना लोखंडी पेटीच्या आत आहे का? असेल तर बाहेर, जरा उंचावर आणा. वायर उगाच लांब आहे का? जोडणी हिरवी पडली आहे किंवा ओली आहे का? आणि ऊस वाढून अँटेनाच्या वर गेला आहे का? पेटी उघडताना मेन स्विच मात्र आधी बंद करा. एवढ्याने रेंज आली, तर रात्री दोन वाजता लाइट आल्यावर मोटार सुरू करायला घरातल्या कोणाला अंधारात विहिरीपर्यंत जावे लागणार नाही.